घोंगडी कोणी ठेवली

पोथी वाचायला बसलं की मधेच उठू नये, एवढं कुणीही सांगतं. हिराबाईचा नियम त्याच्या पुढचा होता. देव संकटात असेल तिथे पोथी मिटायची नाही. अध्याय संपला तरी नाही, दिवा मंदावला तरी नाही. पुढच्या अध्यायातल्या चार ओव्या वाचायच्या, देवाला सावलीत बसवायचं, त्याच्या पोटात दोन फळं जाऊ द्यायची, आणि मगच पोथीला फडकं गुंडाळायचं.

गिरजा लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा पहिल्याच श्रावणात हा नियम तिच्या अंगवळणी पडला. सासरे वारले होते आणि त्यांच्याबरोबर घरातलं पोथी वाचणारं तोंडच गेलं होतं. हिराबाईला अक्षर येत नव्हतं, पण कानांनी ऐकलेल्या ओव्या तिच्या पोटात कणगीतल्या भातासारख्या भरलेल्या. तिनं नव्या सुनेला पाटावर बसवलं. म्हणाली, "सातवी शिकलीस ना गो? मंग वाच." गिरजा अडखळत वाचू लागली. आत चुलीवर दूध होतं. ते वर येतंय हे वासावरून कळलं, अध्यायही नेमका संपला होता, म्हणून तिनं पोथी मिटली आणि उठली.

"कुठं चाललीस?"

"दूध उतू चाललंय, आय."

"जाऊ दे उतू. देव तिकडं रानात उपाशी झोपलाय, नि तुला दुधाचं पडलंय?"

दूध उतू गेलं, चूल विझली. गिरजानं पुढच्या ओव्या वाचल्या, रानातल्या माणसांनी देवाला कंदमुळं दिली, तेव्हा कुठे हिराबाई हसली. "आता जा. आता पोट भरलं त्याचं."

दुसराही एक नियम होता, तो पुढे कळला. एका पावसाळ्यात फळीवरच्या पोथीला वाळवी लागली आणि शेवटचा अध्याय तिनं खाऊन टाकला. बाकी पोथी चांगली होती. धाकटा दीर वाळू म्हणाला, "आय, शेवट तर तुला तोंडपाठ हाय. येवढ्यासाठी नवी कशाला?"

"मला पाठ हाय रे. ऐकनाऱ्याला कुठं पाठ हाय? शेवट ज्याच्या हातात नाय त्यानं सुरुवात करू नये."

तिनं ती पोथी फुलं वाहून नदीत सोडली, वाळूला मुरबाडला पाठवून नवी आणवली, पान न् पान गिरजाकडून मोजून घेतलं आणि मगच श्रावण बसवला.

म्हशाच्या रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या त्या गावात गिरजाचा संसार असा सासूच्या नियमांनी सुरू झाला, आणि खरं सांगायचं तर बराही चालला होता. नवरा धाऊ कमी बोलायचा. भाताची कामं उरकली की आसनगावच्या कारखान्यांकडे मजुरीला जायचा, संध्याकाळी परतताना खिशात तिच्यासाठी काहीतरी असायचं, कधी चिंचेची गोळी, कधी नुसतं बकुळीचं फूल. मूलबाळ झालं नाही. वाळूचा मुलगा संदेश मात्र आईपेक्षा तिच्याच अंगाखांद्यावर वाढला. त्याची आई शेतावर असायची आणि हा गिरजाच्या पदराला धरून घरभर फिरायचा, दुपारी पोथी ऐकता ऐकता तिच्या मांडीवर झोपायचा.

मग एका पौषात धाऊ म्हशाच्या जत्रेला गेला. बैल म्हातारा होत चालला होता, तो विकायचा आणि परत यायचं, एवढंच. बैल विकला गेला. गावातल्या माणसांनी धाऊला त्यानंतर पाहिलं, घोंगड्यांच्या पालासमोर उभा होता, एक काळी घोंगडी बोटांत चोळून पाहत होता आणि विकणाऱ्याशी हसत हसत घासाघीस करत होता. "येतो रे मी, तुमी व्हा पुढं," असं त्यांना म्हणाला. त्यानंतर धाऊ कुणालाच दिसला नाही.

शोधायचं राहिलं असं काही नव्हतं. वाळू जत्रेतल्या पाला-पालात फिरला, पोलीस ठाण्यात जाऊन आला, नाशिकपर्यंत गेला. देवऋष्याला विचारलं तर तो म्हणाला, पाण्याच्या आसपास आहे. दुसरा म्हणाला, बाईच्या नादानं गेला. तिसरा म्हणाला, येईल. प्रत्येकानं अर्धंच सांगितलं आणि दक्षिणा घेतली. बैल घेणाऱ्याचा पत्ता लागला, त्याच्या गोठ्यात बैल रवंथ करत उभा होता. त्याला काय विचारणार?

लोकांना वाटायचं, गिरजाला नवऱ्याच्या जाण्याचं दुःख असेल. ते होतंच. पण रोजचा जाच निराळा होता. सकाळी देवापुढे दिवा लावून ती हात जोडायची, आणि काय मागायचं तेच तिला कळायचं नाही. दीर्घ आयुष्य मागावं, तर माणूस गेलेला असला म्हणजे? सद्गती मागावी, तर तो कुठेतरी जिवंत असला म्हणजे आपल्याच तोंडानं आपण त्याचं मरण मागितलं. वटपौर्णिमेला बायका वडाला दोरा गुंडाळायच्या, ती कडेला उभी राहायची. हळदीकुंकवाला कुंकवाचा करंडा तिच्यासमोर आला की लावणारीचा हात क्षणभर थबकायचा. तो हात वर्षानुवर्षं तसाच थबकत राहिला. हळूहळू देवापुढे हात जोडून ती नुसतीच उभी राहू लागली. दिव्याकडे बघायची, उदबत्ती संपली की वळायची.

हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया करतात, म्हणजे तो जिथे असेल तिथून मोकळा आणि घरचेही मोकळे. बारा वर्षं उलटली तरी हिराबाई ऐकायला तयार नव्हती. वाळूनं विषय काढला की ती उठून परसात जायची. पण यंदा नागपंचमीला, वारुळाला दूध घालून आल्यावर, तिनं आपणहून गिरजाला जवळ बोलावलं. डोळ्यांत सारा पडलेला, समोरचं माणूस तिला सावलीएवढंच दिसायचं. म्हणाली, "गिरजे, मी गेल्यावर त्याला पानी कोन देल गो? वाळूला सांग, काय ते करून टाका."

मुरबाडचे गुरुजी ठरले, सर्वपित्री अमावास्या ठरली. हे ठरलं त्या दिवशी गिरजानं अंगणातल्या तुळशीला पाणी घातलं तेव्हा तिला कळलं की आपल्याला हलकं वाटतंय. तिला स्वतःची लाज वाटली. तरी हलकं वाटत होतं. अमावास्येनंतर देवाला काय म्हणायचं ते तिनं मनात जुळवूनही ठेवलं होतं. 'त्याला तुझ्या पायाशी ठेव.' एवढंच.

आणि गणपतीत संदेश पुस्तक घेऊन आला.

संदेश आता शहापूरला लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात कामाला होता. दिवसभर पत्रिकांची जुळणी करायची आणि उरल्या वेळात कादंबरी लिहायची, असं त्याचं काही वर्षं चाललेलं. घरच्यांना त्याचा फारसा पत्ता नव्हता. तांबड्या कापडात गुंडाळलेलं पुस्तक त्यानं गणपतीपुढे ठेवलं. वर नाव होतं, 'मोकळा कासरा', आणि त्याखाली बारीक अक्षरात, भाग पहिला.

"बाप पोथीपुरता शिकला, त्याच्या आदीच्या सात पिढ्या आंगठा उठवत गेल्या," वाळू आल्यागेल्याला सांगत होता, "नि ह्यो पठ्ठ्या पुस्तक लिवतो! आता लग्नपत्रिका वाचायची बी भीती वाटते, त्यात काय लिवलं असंल नि काय नाय."

हिराबाईनं पुस्तक कपाळाला लावलं. पानांवरून हात फिरवला. "नि ह्ये भाग पयला म्हंजे?"

"तीन भाग आहेत, आजे. हा पहिला."

"तीन कशाला? येकात मावलं नाय व्हय?"

सगळे हसले. संदेशही हसला, पण कान लाल झाले त्याचे. गौरीबरोबर गणपती गेले आणि तोही शहापूरला परतला.

भात पोटरीला आलं होतं, दुपारी फारशी कामं नव्हती. हिराबाई म्हणाली, "पोराचं पुस्तक वाच गो." गिरजानं पाट मांडला, सवयीनं उदबत्तीही लावली, आणि पहिलं पान उघडलं.

पहिल्याच पानावर एक माणूस पहाटे बैलाच्या शिंगांना तेल लावत होता. जत्रेला न्यायचा म्हणून.

गिरजाचं बोट त्या ओळीवरच थांबलं. तिनं सासूकडे पाहिलं. हिराबाई भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून बसली होती. "वाच," एवढंच म्हणाली.

पुस्तकात त्या माणसाचं नाव निराळं होतं, गावाचं नाव निराळं होतं. बैल तोच होता. जत्रेतली धूळ तीच, पाळण्यांचा करकराट तोच, घोंगड्यांचं पाल तेच. त्या माणसाच्या खिशात बायकोसाठी बकुळीचं फूल होतं. हे संदेशला कुणी सांगितलं, असं गिरजाच्या मनात आलं आणि मग आठवलं, तिनंच सांगितलं होतं, तो लहान असताना, मांडीवर थोपटत. रोज दुपारी ती थोडं थोडं वाचत गेली. आपल्याच घरातलं दुःख आपल्याच तोंडानं, दुसऱ्याच्या नावानं वाचायचं. दोघींपैकी कुणीही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. वाचन थांबवायची जागा मात्र हिराबाई नेहमीसारखीच सांगायची. "तिथं नको. तो वाट चुकलाय आत्ता. घरादाराच्या जागी येऊ दे, मंग मीट."

शेवटच्या प्रकरणात हरवलेल्या माणसाची म्हातारी आई पहाटे दार उघडते. उंबऱ्यावर एक नवी काळी घोंगडी ठेवलेली असते. नीट चौघडी घालून. तिच्यावर दव पडलेलं. म्हातारी रस्त्याकडे बघते तर करवंदीच्या जाळीआड कुणीतरी नुकतंच वळलेलं.

गिरजा थांबली.

"वाच की."

"संपलं, आय."

"संपलं कसं? कोन व्हतं जाळीआड?"

"नाय लिवलेलं."

"पान चिकटलं असंल. थुकी लाव बोटाला."

गिरजानं बोट ओलं केलं, पान चोळून पाहिलं. चिकटलेलं नव्हतं. पुढचं पान कोरं होतं आणि त्यापुढे पुठ्ठा. हिराबाईनं पुस्तक ओढून घेतलं, आपल्या हातांनी ते पान चाचपलं, पुठ्ठ्याच्या कडेला नख घालून पाहिलं. बऱ्याच वेळानं तिनं पुस्तक मांडीवर ठेवलं.

"म्हून तीन केलेत त्यानं," ती हळूच म्हणाली. "त्याला ठावं हाय."

"आय, त्ये मनानं लिवलंय. गोष्ट हाय ती."

"मनानं? धाऊ घोंगडी घेत व्हता ह्ये समद्या गावाला ठावं. पर चौघडी घालून उंबऱ्यावर ठेवली, ह्ये पोराला कोनी सांगितलं? त्याला कायतरी कळलंय गो. शहापुरात हजार मानसं येतात जातात. कोनीतरी बोललं असंल." आणि मग, जणू सगळा वाद इथेच मिटतो अशा खात्रीनं, "शेवट हातात नसता पोथी उघडनारं पोर नाय ह्या घरातलं. माझ्या पाटाजवळ वाढलंय."

गिरजानं पाट उचलून भिंतीला लावला. नियम तर तोच होता.

संध्याकाळी हिराबाईनं वाळूला बोलावून सांगितलं, क्रिया राहू दे. वाळू भडकला. "गुरुजींना सांगितलंय, भावकीला सांगितलंय. पुस्तकात लिवलं म्हून मानूस जिता व्हतो व्हय? उद्या पुस्तकात लिवलं की बैल बोलला, तर त्याला चहा देशील?"

"फोन लाव त्याला," हिराबाई म्हणाली.

वाळूनं फोन लावला आणि आवाज मोठा केला. संदेश कामात असावा, मागे यंत्राची खटखट ऐकू येत होती.

"संदेश, घोंगडी कोनी ठेवली रे?"

हिराबाईचा आवाज ऐकताच तो खुलला. त्याच्या आजीनं त्याचं पुस्तक शेवटपर्यंत ऐकलं होतं, याचा आनंद आवाजात मावत नव्हता. "आजे, ऐकलंस पूर्ण? ते दुसऱ्या भागात कळेल!"

जो भेटेल त्याला तो हेच उत्तर देत असणार. तोंडात बसलेलं होतं, तेच आलं. गिरजानं डोळे मिटले. वाळू ओरडला, "अरे गाढवा—" पण हिराबाईनं हात वर केला.

"ऐकलंत? कळंल म्हनतो. मंग तवर थांबा."

दुसऱ्या दिवशी पहाटे गिरजा सडा घालायला उठली तर दाराचा अडसर आधीच काढलेला होता. हिराबाई उंबऱ्याशी उकिडवी बसून, बोटांनी दगड चाचपत होती.

अमावास्या जवळ येत होती. गिरजा सरळगावला गेली आणि तिथून किन्हवलीच्या गाडीनं शहापूर गाठलं. संदेशचं दुकान बाजारातल्या एका गल्लीत होतं. आत शाईचा नि गोंदाचा वास, गणपतीच्या चित्रांच्या पत्रिकांचे ढीग, आणि कापायच्या यंत्राखाली 'मोकळा कासरा'चे गठ्ठे. सुतळीही सोडलेली नव्हती.

त्यानं स्टूल पुसून तिला बसवलं, चहा मागवला. ती चहाकडे न बघता म्हणाली, "आजी पहाटेपासून उंबऱ्यावर बसते. तुला सांगितलं का बापानं?"

"सांगितलं." तो खाली बघत होता. "मला काय ठाऊक, काकी, ती खरं धरेल म्हणून? कादंबरीत असं करावंच लागतं. पहिल्या भागातच सगळं उलगडलं तर दुसरा कोण घेईल? प्रकाशक म्हणाले, एक गाठ ठेव, वाचकाची झोप उडाली पाहिजे."

"झोप उडवाया पुस्तक कशाला लागतं रे?" तिनं विचारलं. "नि वाट बघायला लावायची तर वाट बघनाऱ्याचा तरी इचार करायचा. सगळ्यांजवळ दुसऱ्या भागापुरतं आयुष्य असतंय का?"

"पण चांगल्या चांगल्या मालिका अशाच असतात. लोकांना आवडतं ते. ते बोलतात, तर्क लढवतात..."

"लढवू देत. ज्याचं मानूस हरवलं नाय त्यानं लढवावेत." तिनं चहाची कपबशी बाजूला सारली. मग म्हणाली, "तुला तरी ठावं हाय का, घोंगडी कोनी ठेवली?"

संदेशनं मान हलवली. नाही.

"ठावं नसता लिवलंस?"

"लिहिता लिहिता सापडतं, काकी. कधी कधी." त्यानं हातातली पत्रिका उलटसुलट केली. "मी शेवट शोधायलाच बसलो होतो. काकाचं काय झालं असेल, ते मला एकदा लिहून बघायचं होतं. कितीदा लिहिलं, कितीदा फाडलं. नाय सापडलं. म्हणून मग शेवटी वर 'भाग पहिला' लिहिलं."

बाहेर भाजीवाली गिऱ्हाइकाशी भांडत होती. गिरजानं पदरानं तोंड पुसलं. ह्या पोराला तिनं चालायला शिकवलं होतं. त्याच्या गळ्याला मिठी मारून रडावं की मुस्काटात द्यावी, तिला कळेना.

"मग आता लिव," ती म्हणाली. "मार त्याला."

"काकी!"

"मार. तुझ्या पुस्तकात मेला तरच तुझी आजी त्याला मेला म्हनंल. दुसरं कोनाचं ती ऐकनार नाय. मला बी कंटाळा आलाय रे. देवापुढं उभी ऱ्हाते नि बोलायला कायच नाय."

त्यानं दोन दिवस मागून घेतले. प्रकाशक दुसऱ्या भागाचं नावही काढत नव्हता, तेव्हा एकच प्रकरण लिहून दुकानातच त्यानं ते छापलं, पुस्तकासारख्याच अक्षरात, पुस्तकासारख्याच कागदावर. गावाकडे येणाऱ्या एका जीपवाल्याच्या हाती, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाकिटात घालून पाठवलं.

अमावास्येच्या आदल्या दुपारी गिरजानं पाट मांडला. "आय, संदेशनं पुढलं धाडलंय."

हिराबाईनं पदर डोक्यावर घेतला, पोथीला घेतात तसा.

पोरानं जीव ओतून लिहिलं होतं. जत्रेतून निघालेला माणूस गावाच्या वाटेला लागतच नाही. तानसाच्या बाजूला काम मिळतंय असं कुणीतरी सांगितलेलं, तो तिकडे जातो. चार पैसे जास्त मिळवून मगच बायकोला तोंड दाखवायचं, असं मनाशी धरून. संध्याकाळी तलावाच्या काठाला हातपाय धुवायला उतरतो आणि पाय निसटतो. एक कोळी त्याला बाहेर काढतो, पण जीव गेलेला असतो. कोळ्याला त्याचं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. तो त्याला आपला भाऊ म्हणतो आणि देवाचं नाव घेऊन अग्नी देतो.

खोटं आहे हे गिरजाला ठाऊक होतं, स्वतः सांगून लिहवून घेतलेलं होतं, तरी त्या काठाला पाय निसटला तेव्हा तिच्या तोंडून हाय निघाली. हिराबाईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिनं पुसलं नाही.

"अग्नी दिला त्यानं?"

"दिला, आय."

"देवाचं नाव घेतलं?"

"घेतलं."

"चांगलं केलं त्यानं. देव त्याचं भलं करो." तिनं हात जोडले. बाहेर वाऱ्यानं भात सळसळत होतं. गिरजाला वाटलं, झालं. उद्या गुरुजी येतील. तिनं पानं एकावर एक ठेवली.

"मिटू नको," हिराबाई म्हणाली. "घोंगडी कोनी ठेवली?"

गिरजानं पानं चाळली. वरून खाली, खालून वर. पोरानं माणूस मारला होता, त्याला अग्नीही दिला होता, आणि घोंगडी साफ विसरला होता.

इतक्या वर्षांत पाटावर बसून तिनं लिहिलेल्यात पदरचा एक शब्द घातला नव्हता. आज घातला. "त्या कोळ्यानंच ठेवली, आय. घरच्यांना मिळावी म्हून."

हिराबाईनं मान वर केली. ती रागावली नाही. उलट तिच्या चेहऱ्यावर एक विचित्र निवांतपणा आला.

"मेलेल्याचं कापड मेलेल्यासंगं जातं गो. त्ये चौघडी घालून जित्याच्या उंबऱ्यावर कोन ठेवंल? येवढा भला मानूस, परक्याला भाऊ म्हनून अग्नी देतो, नि घरात मेलेल्याची घोंगडी धाडतो? नाय." तिनं भिंतीला डोकं टेकलं. "घोंगडी घडी करून ठेवतो तो परत यायचा असतो. बुडाला तो दुसरा कोनी असंल. पोराला अजून समदं कळलं नाय. येल पुढच्या भागात."

वाळू गुरुजींना सांगायला मुरबाडला गेला आणि परतल्यावर दोन दिवस आईशी बोलला नाही. अमावास्येला खीर झाली, वडे झाले, अळूची भाजी झाली. सासऱ्यांसाठी आणि सगळ्या पितरांसाठी कौलांवर पानं ठेवली. कावळे आले, शिवले, उडून गेले. धाऊच्या नावाचं पान ठेवलं नव्हतं. गिरजानं सगळ्यांना वाढलं, भांडी घासली, आणि दिवेलागणीला देवापुढे उभी राहिली. मनात जुळवून ठेवलेलं वाक्य होतं, ते तिथेच अडलं. उदबत्ती संपली तेव्हा ती वळली.

भात कापून झालं, झोडून झालं. संदेश दिवाळीला आला नाही. दुकानाची जागा मालकाला हवी होती म्हणून 'मोकळा कासरा'चे गठ्ठे रद्दीत गेले, आणि आता आपण काही लिहीत नाही, असं त्यानं गिरजाला फोनवर सांगितलं. हिराबाईला कुणी सांगितलं नाही. ती अजून विचारते. "दुसरा भाग कुठवर आला गो?" आणि गिरजा म्हणते, "छापतायत."

पौष लागला तशी म्हशाच्या रस्त्यावरून बैलांच्या घुंगरांचा आवाज येऊ लागला. थंडीनं हिराबाईला पहाटे उठवत नाही, म्हणून अडसर आता गिरजाच काढते. इतकी वर्षं तिनं ह्या दारात कधी काही शोधलं नव्हतं. ती दार उघडायची ते सडा घालायला. आता अडसर काढला की हात दारावरच थांबतो, आणि डोळे आधी खाली, उंबऱ्याकडे जातात.

दगड रिकामा असतो, दवानं ओला. ती रस्त्याकडे बघते, करवंदीच्या जाळीकडे बघते. मग बादली आणते, सडा घालते आणि रांगोळीला बसते. पूर्वी ती उंबऱ्याच्या मधोमध कमळ काढायची. आता दोन्ही बाजूंना वेल काढते, गोपद्मं काढते, आणि मधली जागा, एक घोंगडी मावेल एवढी, मोकळी सोडते.